तिसऱ्या धबधब्याखालचा डोह

पोहण्याच्या तलावावर पाण्याची तपासणी करणं हे माझं काम. त्यामुळे कुठलंही पाणी दिसलं, की मी आधी वास घेते, मग रंग बघते आणि मगच पाय बुडवते. नवरा म्हणतो, हिला चहा दिला तरी आधी परीक्षानळीत ओतेल.

तंबू घेऊन धबधब्यांवर जायचं त्याच्याच डोक्यातून निघालं. वर्षभर घरात नुसती धुसफूस चालली होती. "एकदा दोघंच जाऊन येऊ. मग तू म्हणशील ते," तो म्हणाला. मला संसार मोडायचा नव्हता, म्हणून मी मुकाट्याने बॅग भरली.

"मीही पहिल्यांदाच येतोय इकडे," असं त्याने सांगितलं होतं. पण जंगलात पायवाटेला फाटे फुटत होते, तिथे तो एकदाही अडखळला नाही. दोन धबधबे मागे टाकून तिसऱ्याखाली त्याने सामान उतरवलं. उकाड्याने कपडे अंगाला चिकटले होते, पोटरीला जळवा लागल्या होत्या. समोर काळसर हिरवा डोह. मी वाकून वास घेतला. शेवाळाचा नाही, कुजक्या पाल्याचा नाही, कसलाच नाही. वरून पानं गळत होती, पण पाण्यावर एकही तरंगत नव्हतं.

"इथे मासेसुद्धा नाहीत रे," मी म्हटलं.

"झाली तपासणी सुरू!" तो हसला. किती दिवसांनी हसला होता. मी तंबूच्या खुंट्या काढायला घेतल्या.

तंबू ठोकून मी पोहायचे कपडे घातले, तेवढ्यात तो काठावरून ओरडला, "अगं, माझी लग्नाची अंगठी पडली पाण्यात! तू बघतेस का? तुला डोळे उघडे ठेवून बुडी मारता येते."

मी सूर मारला. पाणी अंगाला जाणवतच नव्हतं, ना गार ना कोमट. धबधब्याचा आवाज एकदम बंद झाला. तळ चाचपला, तर नुसता गुळगुळीत खडक. तेवढ्यात कुणीतरी मला घासून वर गेलं. वाटलं, तोच मदतीला उतरला असेल. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

वर आले. तो काठावर उभा होता, कोरडा ठणठणीत. त्याच्यापुढे एक बाई पाठमोरी. माझाच निळा पोशाख, खांद्यावर माझाच भाजल्याचा डाग. तो टॉवेलने तिचे केस पुसत होता. अंगठी त्याच्या बोटात होती.

"थंडी वाजतेय?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही," ती म्हणाली. आवाज माझाच. कुरकुर तेवढी नव्हती.

मी जोरात हात मारले. काठ जवळ येईना.

मी हाक मारली, लग्नाआधी मारायचे त्या नावाने.

ती तंबूकडे चालू लागली होती. तो एकटाच वळला. दचकला नाही, घाबरला नाही. चारचौघांत उधारी मागितल्यासारखा नुसता ओशाळला. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तो काठाशी येऊन उकिडवा बसला.

"ओरडू नकोस ना," अगदी पूर्वीच्या मायेने म्हणाला. "तिला ऐकू जाईल."

मग खडकावरच्या माझ्या चपला उचलून तो तिच्याकडे गेला, आणि वाकून त्याने त्या तिच्या पायात घातल्या. माझ्यासाठी तो कधीच वाकला नव्हता.