मोहाखालची आग

बाळांनो, डोळे मिटा आणि बघा... इंग्रजांच्या राज्याची अखेरची वर्षे, नवेगाव बांधजवळचे गाव, वैशाखाचे ऊन. वादळाने अंगणातला मोहाचा जुना वृक्ष केशोराव व्यापाऱ्याच्या घरावर आडवा पडलाय, छपराच्या कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, चुरा झालाय, आणि विमा कंपनीचे साहेब बुंध्याशी वाकून करपलेल्या लाकडावर बोट फिरवताहेत.

"वाऱ्यानं पडलं तर भरपाई," साहेब म्हणाले, "पण हा बुंधा आतून जळलाय! घरच्याच कुणी मुद्दाम जाळला असेल, तर कंपनी काही देणार नाही. झाड कुणाचं?"

साऱ्यांच्या नजरा मागच्या खोलीत राहणाऱ्या रुख्माकडे वळल्या. वाटणीत अंगण थोरल्या केशोरावाला मिळाले आणि त्यातला मोह धाकट्या भावाला. तो वारल्यावर झाड त्याच्या विधवेचे, रुख्माचे झाले. केशोरावाने मागूनही तिने ते दिले नव्हते, म्हणून तो तिला उठताबसता घालूनपाडून बोले... हा त्याचाच सूड का?

भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती. केशोरावाने आपल्या लहानग्या लेकीला पुढे केले. "शामकला, विचार तुझ्या काकीले, काऊन जाळलं झाड?"

रुख्माला खरे ठाऊक होते. मोहफुले गळण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुले स्वच्छ जमिनीवर वेचता येतात. यंदा ती तापाने फणफणलेली, म्हणून काकीचे काम हलके करायला शामकलेनेच पाला पेटवला... आणि विस्तव पोकळ बुंध्यात धुमसत राहिला! खरे सांगावे, तर बाप या कोवळ्या पोरीची पाठ सोलून काढील. पोटी लेकरू नसलेल्या त्या माउलीने पदर पुढे ओढला.

"सांग बाई, बाबाले... मीच लावली आग."

"आयकलं साहेब? मले वाटतच होतं!" केशोराव कडाडला. "शामकला, सांग तिले, गाठोडं बांध न् निंग म्हणा या घरातून!"

शामकला जागची हलली नाही. "पाला मी जाळला जी, बाबा! काकी तापात पडून होती. मारा मले!"

"म्हणजे मुद्दाम नाही... अपघात," साहेब पुटपुटले.

केशोरावाने ते ऐकलेच नाही. तो लेकीकडे झेपावला, तोच रुख्मा मध्ये येऊन उभी राहिली, पाय रोवून! ज्या बाईवर आपण विष ओकत आलो, ती आपल्याच लेकीसाठी बेघर व्हायला निघाली होती... त्याचा हात खाली आला.

"शामकला... सांग काकीले, जाऊ नको म्हणा."

शामकलेने नकारार्थी मान हलवली. "हे तुमीच सांगा जी," ती म्हणाली, आणि बापाचे बोट धरून त्याला काकीसमोर ओढत घेऊन गेली.