चार मात्रांची जागा

सिंगापुरात, पासिर रिसच्या बाजारामागे, जिन्याखालच्या सावलीत एक वृद्ध चिनी मोची बसत असे. गणेशोत्सवाला आठवडा उरला की सरोजिनीबाई त्याच्याकडे जात, आणि दरवर्षी बुटांचे दोन जोड नेत. एक त्यांचा स्वतःचा, बुटक्या टाचेचा. दुसरा निशिकांतरावांचा, काळा आणि नाडीचा. दोन्ही जोडांच्या तळांना, टॅप नाचात पाऊल वाजावे म्हणून, पोलादी नाल होते. निशिकांतरावांनी ते जहाजावरच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने कापून, घासून बसवले होते. वर्षभराच्या नाचाने ते सैल होत आणि मोची ते पुन्हा पक्के करून देई.

२०१५ च्या सप्टेंबरात त्या गेल्या, तेव्हा पिशवीत एकच जोड होता.

"वन पेअर ओन्ली, आह?" मोच्याने पिशवीत डोकावून विचारले. "अंकल नॉट डान्सिंग?"

"अंकल मार्चमध्ये गेले," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मोच्याने मान हलवली आणि तो खिळे ठोकू लागला. त्या वर्षी सुमात्रातल्या जळत्या रानांचा धूर समुद्र ओलांडून आला होता. भर दुपारी सूर्य जुन्या पितळी झाकणासारखा मळकट दिसे, आणि लाकूड जळल्याचा वास पडद्यांत, उशांत, भाताच्या वाफेतसुद्धा येई. जवळच्या पदपथावर कोणी मृतांसाठी कागदाच्या वस्तू जाळून राख केली होती. चिनी पंचांगाचा सातवा महिना, मृतांचे आत्मे परत येतात तो, संपत आला होता.

हा नाच या दांपत्याने कोठून उचलला, ते आधी सांगायला हवे.

निशिकांतराव जहाजावर चीफ इंजिनिअर होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका सफरीवरून परतताना त्यांनी एक व्हिडिओ कॅसेट आणली. तिच्यात एक जुना अमेरिकी संगीतपट होता. त्यातले नवराबायको रंगमंचावर एकत्र गाणारे-नाचणारे. ते भांडतात, दुरावतात, आणि शेवटी पुन्हा एका दिव्याखाली नाचतात. कॅसेटवरचे नाव पुसून गेले होते, म्हणून निशिकांतरावांनी तिच्यावर शाईने 'आपला' एवढेच लिहिले. तो अखेरचा नाच दोघांनी कॅसेट मागेपुढे करत, पाऊल पाऊल टिपून घेतला. खालच्या मजल्यावरच्या मॅडम को झाडूच्या दांड्याने छत ठोकत. पुढे पुढे त्या तालात ठोकू लागल्या.

निशिकांतराव सहा-सहा महिने समुद्रावर असत. तेव्हा दोघांनी एक नेम ठरवला. सिंगापूरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजले की सरोजिनीबाईंनी घरात आणि त्यांनी जहाजावर, ज्याने त्याने आपापला भाग नाचायचा. दुसऱ्याची जागा मोकळी सोडायची. त्यामुळे निशिकांतराव परतले की पावले चुकत नसत. उलट प्रत्येक सफरीतून ते एखादे नवे पाऊल पक्के करून येत आणि ऐटीत म्हणत, "मी पुढे गेलोय हं, बाईसाहेब. आता तुम्ही गाठा."

त्यांच्या उजव्या बुटाच्या नालाचा एक खिळा मात्र ते कधीच पक्का करू देत नसत. पाऊल टेकले की तो किंचित वाजे... छन्. "त्याच्याशिवाय मला मात्रा कळत नाहीत," असे ते म्हणत.

आणखी एक गोष्ट. नाचाच्या अगदी शेवटी कॅसेटची फीत चुरगळलेली होती. नवराबायको समोरासमोर येत, मग चार मात्रा नुसती खरखर होई, आणि चित्र परत येई तेव्हा रंगमंच रिकामा असे. त्या चार मात्रांत काय घडते, ते या दोघांना कधीच कळले नाही. म्हणून तेवढा वेळ ते एकमेकांकडे पाहत निश्चल उभे राहत आणि मग प्रेक्षकांना नमस्कार करत. दरवर्षी गणेशोत्सवात हा नाच पाहणाऱ्या मराठी मंडळातल्या लोकांना ती स्तब्धताच सर्वांत जास्त आवडे.

मोच्याकडून परतल्यावर थोड्याच वेळात साधना आली. ती हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत नोकरी करी आणि मंडळाच्या कार्यक्रमांची जबाबदारी तिच्याकडे असे.

"काकू, तुम्ही हो म्हणालात, तेवढ्यानेच मी निश्चिंत झाले," ती मास्क काढत म्हणाली. "पण एकट्या कशा नाचणार? आमचे संजीव उभे राहतील ना. त्यांना पावले येतात."

"संजीव नाचतो तेव्हा पंप सुरू केल्यासारखा दिसतो."

"काकू!"

"खोटे आहे का?"

साधनाला हसू आवरेना. सरोजिनीबाईही हसल्या, पण त्यांचा निश्चय हलला नाही. निशिकांतरावांचे कपडे वाटून झाले होते, पुस्तके दिली होती. आता ते शिल्लक होते ते फक्त या नाचात. त्यात त्यांच्या अंगाएवढी, त्यांच्या उंचीची एक जागा होती. नाच बंद झाला तर ती जागा नाहीशी होणार होती, आणि तिथे दुसरा कोणी उभा राहिला तरीही ती नाहीशीच होणार होती.

"मी एकटीच नाचेन," त्या म्हणाल्या. "यांची जागा मोकळी राहील. आम्हांला सवय आहे त्याची."

साधना गेली. सरोजिनीबाईंनी धुरासाठी खिडक्या बंद केल्या, फटींत ओले टॉवेल सरकवले आणि टेबलावरचा दिवा लावला. पाच वाजून गेल्यापासून बाहेर तांबूस काळोखी दाटली होती. समोरच्या इमारतीच्या खिडक्या धुरात विरघळल्या होत्या. मुलांचा आवाज नाही, पाखरांचा नाही. त्यांनी बूट चढवले, कॅसेटवरून खरखरीसकट उतरवून घेतलेल्या गाण्याचा टेप सुरू केला आणि डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून उभ्या राहिल्या.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत त्यांना वाटले, की आपल्या पावलांचा आवाज भिंतीवरून परत येतो आहे. गेली पंचवीस वर्षे त्या याच फरशीवर नाचत होत्या. ही भिंत आवाज परत देत नसे...

टक, टक. टक, टक. आणि मग... छन्.

सरोजिनीबाई थांबल्या नाहीत. नाचताना थांबायचे नसते, हे त्यांना निशिकांतरावांनीच शिकवले होते. त्यांनी डावीकडे मानही वळवली नाही. धुराच्या कडवट वासात आता आणखी एक वास मिसळला होता, लवंगेचा आणि इंजिनाच्या तेलाचा. सफरीवरून आल्यावर पहिले दोन दिवस घराला तो वास येत असे. त्यांच्या हातांवर काटा उभा राहिला. तरी छातीत मात्र, कोणी कढत चहाचा पेला आणून ठेवावा, तशी ऊब पसरत गेली.

शेवट आला. टेपवर खरखर सुरू झाली. सरोजिनीबाई वळल्या आणि मोकळ्या जागेकडे तोंड करून, नेहमीसारख्या निश्चल उभ्या राहिल्या.

पण मोकळी जागा निश्चल राहिली नाही.

टक... टक... छन्... टक.

चार पावले. अगदी मात्रेवर. त्यांच्यापासून दूर, दाराच्या दिशेने... आणि शेवटचे पाऊल दाराला टेकून थांबले.

दार बंद होते. दाराशेजारच्या घडवंचीवर निशिकांतरावांचे काळे बूट जोडीने ठेवलेले होते. सकाळी होते तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम को वर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत.

"काल तू कोणाबरोबर नाचलीस?"

"एकटीच."

"एकटी नाही, लाह! पंचवीस वर्षे मी खाली राहते. चार पाय होते. मी झाडू उचलला आणि परत ठेवला. सातव्या महिन्यात मी ठोकत नाही."

सरोजिनीबाईंनी त्यांना खुर्ची दिली. मॅडम को बसल्या नाहीत.

"आमच्याकडे या महिन्यात गाण्याचे कार्यक्रम होतात, पाहिलेस ना? पहिली रांग कोणासाठी मोकळी असते? त्यांच्यासाठी. मोकळी जागा म्हणजे आमंत्रण. आणि तू मोकळी जागा सोडून नाचतेस? याच महिन्यात?"

"मॅडम को, आमचा पितृपक्ष अजून यायचा आहे, तो गणपतीनंतर असतो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "हे फार शिस्तीचे. आलेच तर आमच्या पंचांगाप्रमाणे येतील."

"तीस वर्षे या बंदरातून ये-जा केली त्याने. त्याला कोणाचे पंचांग लागू, मला काय ठाऊक!" मॅडम को दाराकडे वळल्या आणि उंबऱ्यावर थबकल्या. "शनिवारी महिना संपतो. मग त्यांची दारे बंद होतात. तोपर्यंत नाचू नकोस."

सरोजिनीबाई रोज नाचल्या. शनिवार आला आणि गेला. रविवारी साडेपाचला त्या दिव्याजवळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला भीती वाटते आहे. आवाज येईल याची नव्हे, येणार नाही याची.

टक, टक. छन्.

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सोमवारी साधना एक डीव्हीडी घेऊन आली. गाण्याच्या चालीवरून तिने तो संगीतपट शोधून काढला होता. "काकू, ही प्रत स्वच्छ आहे. काकांना दाखवायला हवी होती," असे म्हणत तिने शेवटचा नाच लावला.

पडद्यावर नवराबायको समोरासमोर आले. या ठिकाणी खरखर नव्हती. नवऱ्याने हात पुढे केला आणि बायकोवरची नजर न काढता, तो उलट्या पावलांनी मागच्या दाराकडे गेला. एक, दोन, तीन, चार. बायको तितक्याच पावलांनी त्याच्यामागे गेली. दोघे आत गेले, दार लागले, आणि रंगमंच रिकामा राहिला.

"अगं बाई!" साधना म्हणाली. "म्हणजे तुम्ही उभे राहत होता तिथे खरे तर..."

"आम्हांला ठाऊक नव्हते," सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या. "दोघांनाही." थोड्या वेळाने त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "पुढे गेलात म्हणायचे."

कार्यक्रमाच्या दिवशीही धूर होता, तरी समाजकेंद्राचे सभागृह भरले होते. सरोजिनीबाई जांभळ्या रेशमी साडीत, डावीकडे जागा सोडून एकट्या नाचल्या. शेवटच्या चार मात्रांत त्या निश्चल उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी नमस्कार केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. संजीव डोळे पुसत होता.

दोन दिवसांनी साधना मोबाइलवरचे चित्रण घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, शेवट बदललात का तुम्ही?"

"नाही. उभी राहिले होते."

साधनाने चित्रण लावले. खरखर सुरू झाली. तीत, लांबून आल्यासारखी, चार पावले स्पष्ट ऐकू येत होती; तिसऱ्यावर छन्. आणि पहिल्या पावलासरशी सरोजिनीबाईंचा उजवा हात, कोणी धरल्यासारखा, किंचित वर उचलला गेला. त्या विंगेच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकल्या होत्या.

"मी हललेच नव्हते..." सरोजिनीबाई म्हणाल्या. त्यांनी ते चित्रण पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असे काही आले, की साधनाने मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला. ते भय नव्हते. बऱ्याच दिवसांनी पत्र आलेल्या बाईचा तो चेहरा होता.

पुढच्या वर्षीच्या चित्रणात त्या दोन पावले चालल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तीन.

या तीन वर्षांत सरोजिनीबाईंची प्रकृती उत्तम होती. त्या वेळेवर जेवत, सकाळी समुद्रकाठच्या बागेत फिरत, मॅडम कोंना पुरणपोळी नेऊन देत. मॅडम को पोळी घेत, पण साडेपाचनंतर वर येत नसत. सुखी आहात का, असे कोणी विचारलेच, तर "हो" म्हणायला सरोजिनीबाईंना क्षणाचाही विचार करावा लागत नसे.

२०१८ च्या गणेशोत्सवाआधी साधनाने त्यांचे दोन्ही हात धरले.

"काकू, यंदा नको. मी पाया पडते तुमच्या. यंदा नुसत्या पहिल्या रांगेत बसा."

"पहिली रांग मोकळी ठेवतात, बाळ. मॅडम कोंना विचार."

"थट्टा नका करू हो... मी मोजले आहे. तुम्हीही मोजले असेल."

"मोजले आहे ना," सरोजिनीबाईंनी तिच्या हातावर थोपटले. "अगं, काम अर्धवट ठेवलेले यांना कधी खपले नाही. आणि मलाही नाही."

त्या दुपारी आकाश निळे, स्वच्छ होते. धुराचा मागमूसही नव्हता. सरोजिनीबाई मोच्याकडे गेल्या आणि त्यांनी पिशवीतून दोन जोड काढून त्याच्यापुढे ठेवले.

"टू पेअर!" मोची खूश झाला. त्याने काळा बूट उलटा केला आणि त्याचे हात थांबले. त्याने चष्मा वर सारून तळ उन्हाकडे धरला. नाल कागदासारखे पातळ झाले होते. चवड्यापाशी तर झिजून आरपार भोक पडले होते.

"दिस वन फिनिश ऑलरेडी," तो पुटपुटला. "हे मी चार वर्षांपूर्वी पक्के केले होते. अंकल गेले म्हणालीस. मग घालते कोण? फार लांब चाललेले दिसतात..."

"हो," सरोजिनीबाई म्हणाल्या. "लांबून यावे लागते."

मोच्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने नवे नाल बसवले आणि एकेक खिळा ठोकत, शेवटच्या सैल खिळ्यावर हातोडी उचलली. सरोजिनीबाईंनी घाईने हात मध्ये घातला.

"तो नको. तो सैलच राहू दे." त्या प्रसन्न हसल्या. "दार लागल्यावर तिथे उजेड असेल की नाही, कोण जाणे... मला तो ऐकू यायला हवा."