बाराशे जिवंत घोडे

आमच्या आकडेवारी कार्यालयात माझं काम एकच — महिनाभरात परदेशातून देशात काय काय आलं, ते वर्गवार मांडायचं. धान्य, तेल, यंत्रं, औषधं... आणि 'जिवंत प्राणी'. प्राण्यांचा आकडा दर महिन्याला चाळिसाच्या आसपास असायचा. त्या महिन्यात तो एकदम बाराशे चाळीस झाला.

मी माल मागवणाऱ्याच्या फॉर्मवरच्या नंबरला फोन लावला.

"बाराशे घोडे तुम्ही मागवलेत?"

"हो. फार देखणे आहेत."

"ठेवलेत कुठे?"

"माळ्यावर."

तासाभरात तो खेळण्यांचा व्यापारी धापा टाकत माझ्या टेबलासमोर उभा — केस पावसाने भिजलेले, काखेत लाकडी घोडा.

"यादीत 'घोडे' दिसलं, तिथेच खूण केली," तो म्हणाला.

हसू दाबत मी दुरुस्ती करून घेतली. सही करता करता त्याने वर पाहिलं... आणि तारीख लिहिताना मीच चुकले.

पुढच्या महिन्यात त्याच्या बाहुल्या 'तयार कपड्यां'त निघाल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात शिट्ट्या थेट 'शस्त्रास्त्रां'त. दर वेळी दुरुस्तीला स्वारी हजर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"शिकलेला माणूस इतका कसा चुकतो?"

"तपासणारं कोण आहे, त्यावर असतं ते."

साहेबांच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. "आणखी एक चूक, की याचा परवाना रद्द," त्यांनी मला बजावलं. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

शिट्ट्यांच्या दुरुस्तीला तो आला तेव्हा मी मान खाली घालूनच सांगितलं, "यापुढे फॉर्म नीट भरा. आणि... नीट भरलेला फॉर्म टपालाने पाठवला तरी चालतो."

सही करून तो निघून गेला.

पुढच्या महिन्यात मी रोजचं टपाल तीन-तीनदा चाळलं. त्याचा फॉर्म नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी तो स्वतःच आला. मी ओळ न् ओळ तपासली. एकही चूक नाही.

"मग आज कशाला आलात?"

"चुका करून भेटायचा कंटाळा आला," तो हळूच म्हणाला. "आता न चुकता भेटायचंय... रोज."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. माझे कान तापले.

"रविवारी घरी या," मी म्हणाले. "बाबांना भेटा."

पत्ता मात्र मीच ठळक अक्षरांत लिहून दिला — उगाच जोखीम कशाला?