टेकाडेबाईंचा स्वभाव साहेबांच्या नावावर

सोमवारी सकाळी पावणेअकराला मांडवखेडच्या वजनमापे कार्यालयातल्या संगणकाने रेठरेकर साहेबांना अत्यंत नम्रपणे सांगितलं, की ते रेठरेकर नाहीत.

"काय म्हणतोय हा डबा?" साहेबांनी शिपायाला विचारलं.

"खरे साहेब आले की काम सुरू होईल, असं म्हणतोय," सोनाजीने पडद्यावरचं वाचून दाखवलं आणि तो घाईघाईने चहा सांगायला निघून गेला.

२०६१ साली ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पासवर्ड जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. लोक पासवर्ड विसरत, चिठ्ठीवर लिहून संगणकालाच चिकटवत, नाहीतर मुलाच्या नावापुढे एक-दोन-तीन लावून निर्धास्त होत. शेवटी शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की माणूस सगळं विसरतो, फक्त आपला स्वभाव विसरत नाही. त्यातून आली 'स्वभावखूण'. तुम्ही बटणं कशी दाबता, नकार देण्यापूर्वी किती थांबता, कोणता शब्द लिहून खोडता, चिडलात की वाक्य लांबवता की तोडता, अशा हजारभर बारीक लकबी मिळून ती बनते. बोटाचा ठसा चोरता येतो, स्वभाव कोण चोरणार? म्हणून कायदाच झाला: संगणकांच्या जाळ्यावर एका खात्याला एक स्वभाव, आणि एका स्वभावाला एकच खातं.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून डॉ. नफीसा मुल्ला आल्या. जाळ्यावरची सरकारी खाती उघडणं, सांभाळणं आणि बंद करणं हे त्यांचं काम.

"साहेब, एकोणीस वर्षांपूर्वी तुमचं खातं उघडलं. जाळ्याला ओळख पटावी म्हणून पहिले चाळीस दिवस तुम्ही स्वतः काम करायचं होतं. केलं होतंत ना?"

"म्हणजे काय! एक दिवस चुकवला नाही. या खुर्चीत बसून होतो."

"आणि कीबोर्डवर कोण होतं?"

"कीबोर्डवर टेकाडेबाई," साहेब म्हणाले. "साहेबाने स्वतः टाइप करायचं, तर मग ऑफिस कशाला म्हणायचं?"

कुंदा टेकाडे या तिथल्या वरिष्ठ लिपिक. सोमवारी त्या डोळे तपासायला गेल्या होत्या, आणि एकोणीस वर्षांतली ती त्यांची पहिली रजा होती. साहेब "करून टाका" म्हणत आणि बाई करून टाकत, अशी तिथली पद्धत. डॉ. मुल्लांनी त्यांना संगणकापुढे बसवलं. बाईंनी दोन ओळी लिहिल्या न लिहिल्या, तोच पडद्यावर अक्षरं उमटली: 'नमस्कार, रेठरेकर साहेब.'

"ताई, तुमचं स्वतःचं खातं कुठंय?"

"उघडायला गेले होते ना. हा स्वभाव रेठरेकरांचा आहे, असं जाळं म्हणालं. म्हटलं जाऊ दे, काम तर होतंय."

"आणि आता?"

"आता पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला मी निवृत्त होतेय. अर्ज स्वतःच्या खात्यातून करायचा असतो." बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि जाळ्याच्या लेखी मी रेठरेकर. त्यांची अजून चार वर्षं नोकरी आहे."

"मग राहा की चार वर्षं," साहेब मनापासून म्हणाले. त्यांना खरोखरच यात काही अडचण दिसत नव्हती.

"साहेब, गुडघे माझे आहेत," बाई म्हणाल्या. "मला माझ्या नावाने घरी जायचंय."

डॉ. मुल्लांनी पेच समजावून सांगितला. खात्याचा स्वभाव बदलून साहेबांचा लावला, तर एकोणीस वर्षं भलत्याच माणसाने हुकूम काढले असं ठरेल. मग सोनाराच्या काट्यापासून रेशन दुकानाच्या मापापर्यंत तालुक्यातली सगळी प्रमाणपत्रं रद्द. "म्हणजे खात्यातला स्वभाव तोच ठेवावा लागेल," त्या म्हणाल्या. "माणूसच त्याला जुळवून घेऊ शकतो. साहेब, तुम्हाला टेकाडेताईंसारखं व्हावं लागेल. नाटक चालणार नाही. जाळ्याला कळतं."

शिकवणी सुरू झाली. साहेब बटणं अशी हाणत की टेबलावरची टाचणीपेटी उडे. भाजीवाल्या सगुणाबाईंची वजनं झिजलेली निघाली होती, त्या प्रकरणावर साहेबांनी एका दमात 'जप्त' लिहिलं.

"थांबायचं, साहेब."

"किती?"

"त्या बाईच्या घरी आज काय होईल, ते डोळ्यांपुढे येईपर्यंत."

"माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही हो!"

"मग बसून राहायचं. येतं."

पहिल्या आठवड्यात काहीच आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात साहेबांना सगुणाबाईंची पाटी दिसली, मग पाटीमागची सून दिसली, आणि त्यांनी 'ताकीद द्यावी, वजनं बदलून घ्यावीत' असं लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी घरी गेल्यावर बायकोला "तू जेवलीस का?" असं विचारलं. त्या माउलीने घाबरून डॉक्टरांना फोन लावला. पंचविसाव्या दिवशी पडदा उजळला: 'नमस्कार, रेठरेकर साहेब.' सगळ्या कार्यालयाने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, आणि त्यांना अगदी मनापासून आनंद झाला.

तीस तारखेला निरोप समारंभ होता. शाल, नारळ, पेढे आणि दोन भाषणं. त्याआधी बाईंचं नवं खातं उघडायचं आणि त्यातून अर्ज करायचा, एवढंच राहिलं होतं. बाईंनी अर्ज लिहिला. 'रेठरेकर साहेब,' जाळं म्हणालं, 'आपली अजून चार वर्षं सेवा बाकी आहे. शुभेच्छा.'

"ताई, हा स्वभाव आता कायमचा साहेबांच्या नावावर आहे," डॉ. मुल्ला ओशाळून म्हणाल्या. "तुम्हाला दुसरा लागेल. पण खरा हवा. आता पूर्वीसारखे चाळीस दिवस लागत नाहीत, एकदा ठसा पडला की झालं."

"दुसरा कुठून आणू? अठ्ठावन्न वर्षं हाच वापरलाय."

त्यांनी सोनाजीसारखं टंगळमंगळ करत लिहून पाहिलं. आपल्या सासूबाईंसारखं खोचक लिहून पाहिलं. 'नाटक,' जाळं दोन्ही वेळा म्हणालं.

तेवढ्यात साहेब भाषणाला उभे राहिले. बोलता बोलता ते नेमक्या जागी थांबले. त्यांचा आवाज हळवा झाला. "सोनाजी, तू उभा का? बस की," ते म्हणाले. लोकांनी डोळे टिपले. साहेब किती बदलले, केवढ्या मोठ्या मनाचे झाले, असं जो तो म्हणू लागला. ते मन कुणाचं होतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आणि टेकाडेबाईंना राग आला. पोटातून आला. इतक्या वर्षांत त्याला कुठे बसायला जागाच मिळाली नव्हती. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि मध्ये कुठेही न थांबता, बटणं हाणत, एका ओळीचा अर्ज लिहिला. टाचणीपेटी खाली पडली.

'स्वागत आहे, कुंदा टेकाडे,' पडदा म्हणाला. अर्ज मंजूर झाला. त्याखाली बारीक अक्षरांत होतं: 'हा आपला स्वभाव म्हणून नोंदला आहे. कृपया तो कायम ठेवावा. फरक आढळल्यास खातं आणि त्यासोबत पेन्शन बंद होईल.'

टाळ्यांच्या कडकडाटात साहेबांनी बाईंना शाल दिली. "दमलात, बाई. जरा बसा, पाणी घ्या," ते हळूच म्हणाले.

तुम्हीच बसा साहेब, सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"मला शिकवू नका," त्या म्हणाल्या, आणि नारळ उचलून बाहेर पडल्या.

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टा करतायत. जिन्यात बाईंना रडू आलं, पण तशी परवानगी या नव्या टेकाडेबाईंना आहे की नाही, ते त्यांना ठरवता येईना.