हा कोट माझा नाही

अँब्रोझ हॅलेट गालिच्यावर कोसळला, तेव्हा प्रवासी बोटीवरच्या ‘सेक्स्टंट’ या रेस्टॉरंटमध्ये जेवणाऱ्या बहुतेकांना वाटलं, म्हाताऱ्याला चढली.

“हेच बघायचं बाकी होतं,” खिडकीजवळची मोत्यांच्या माळेची बाई नवऱ्याला म्हणाली. “आधी नुसत्या शर्टावर बसला, आता लोळतोय. असल्यांना इथे वर येऊच का देतात?”

विनिफ्रेड गारसाइड मात्र खुर्ची मागे सारून केव्हाच उठली होती. लीड्समध्ये खासगी तपासाचा धंदा करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दारूनं पडलेला माणूस आणि श्वास कोंडून पडलेला माणूस यांतला फरक तिला लांबूनही कळत होता. तिचा मावसभाऊ आल्बन, निवृत्त भूगोलशिक्षक, हातातला काटा तसाच धरून तिच्यामागे आला.

हॅलेटचा चेहरा सुजून जांभळा पडला होता. कोटाच्या आतल्या खिशात तो बोटं खुपसत होता. बाह्या इतक्या लांब, की बोटांची टोकंच काय ती दिसत होती.

“हा कोट…” तो घरघरला. “हा कोट माझा नाही!”

“नाहीच आहे तुमचा, रेस्टॉरंटचा आहे,” त्याची बायको लॅव्हिनिया त्याचे खिसे चाचपत म्हणाली. “पेन कुठे आहे? अँब्रोझ, तुमचं इंजेक्शनचं पेन कुठे आहे?”

“जुन्या जॅकेटमध्ये राहिलं असणार! क्लोकरूममध्ये!” जावई क्रिस्पिन डेकर ओरडला आणि दाराकडे धावला. उंच, सडपातळ माणूस. धावताना त्याची मनगटं बाह्यांबाहेर वीतभर लोंबत होती.

तो पेन घेऊन परत आला. बोटीची डॉक्टरीणबाईही धावत आली. मांडीत सुई टोचली गेली, पण तोवर हॅलेटची छाती हलायची थांबली होती. त्याची मुलगी टॅम्सिन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

पियानो वाजतच होता, कारण थांबव असं कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या टेबलावरून एका गृहस्थानं वेटरला हळूच विचारलं, “आमचं गोड येणार आहे ना?”



*

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सेक्स्टंट’चा व्यवस्थापक लुशियन तिच्या केबिनच्या दारात उभा राहिला. रोमानियाचा, नेहमी इस्त्रीतून आत्ताच बाहेर आल्यासारखा दिसणारा माणूस. आज त्याची दाढीही झालेली नव्हती.

“मॅडम, तुम्ही तपासाचं काम करता ना? हॅलेटसाहेबांना शेवंड-कोळंबी चालत नव्हती. जीवघेणी ॲलर्जी. आम्हाला माहीत होतं. कप्तान म्हणतात, रोडेलनं चुकीचा सॉस वाढला. दुपारी बर्गन बंदर आलं की त्याला पोलिसांच्या ताब्यात देणार.”

“रोडेल म्हणजे काल वाढत होता तो?”

“हो. पोरीच्या शाळेसाठी राबतोय बिचारा. त्यानं चूक केलेली नाही, मॅडम. मी केली म्हणा हवं तर. हॅलेटसाहेबांना परत कोट घालायला लावला तो मी.”

“विनी, आपण सुट्टीवर आलोय,” आल्बन पुटपुटला.

“तू आहेस सुट्टीवर. चल.”

डॉक्टरीणबाईंनी हॅलेट कुटुंबाच्या टेबलाला कुणाला हात लावू दिला नव्हता. रात्रभरात तिथे कुबट वास सुटला होता. हॅलेटच्या ताटलीत गोमांसाच्या तुकड्यांवर तपकिरी सॉस गोठला होता, आणि त्यावर गुलाबीसर, मलईची साय धरली होती. विनिफ्रेडनं नाक खाली नेलं आणि लगेच मागे घेतलं. शिळ्या शेवंडाचा दर्प होता. मग तिनं शेजारचं सॉसचं भांडं हुंगलं. त्यात नुसता तपकिरी सॉस होता, मलईचा मागमूस नाही.

टेबलावर सूपचा एकच वाडगा उरला होता. त्याच्या तळाशी शेवंडाचं गुलाबी सूप सुकलं होतं.

“हा कुणाचा?”

बोलावून आणलेला रोडेल दाराशीच उभा होता. “क्रिस्पिनसाहेबांचा. शेवंडाचं सूप दोघांनी घेतलं, लॅव्हिनियाबाईंनी आणि त्यांनी. बाईंचा वाडगा मी उचलला. साहेब म्हणाले, ‘राहू दे, मी सावकाश पिणार.’ पाहुणा उचल म्हणेपर्यंत आम्ही काही उचलत नाही, मॅडम. तसा नियमच आहे. मग मुख्य जेवण वाढलं तेव्हाही तो तिथेच होता.”

“आणि कोटाची भानगड काय झाली?”

लुशियननं मान खाली घातली. “हॅलेटसाहेब मेणकापडाच्या जुन्या जॅकेटमध्ये आले होते. त्यांचा काळा कोट आदल्या दिवशी वाइन सांडून खराब झाला होता. क्रिस्पिनसाहेब स्वेटरमध्ये. दोघांनाही आम्ही आमच्याकडचे भाड्याचे कोट दिले. हॅलेटसाहेबांना अगदी मापात बसला, पोटावर बटणसुद्धा लागलं. पण बसल्यावर त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. म्हणे, ‘मी रोज असाच जेवतो.’ सासऱ्याची बाजू घेऊन जावयानंही काढला. मग आजूबाजूचे पाहुणे कुरकुरायला लागले. मला जावं लागलं. ते उठून माझ्याशी भांडले. ताटाकडे पाठ करून, अगदी तोंडाला तोंड देऊन. शेवटी क्रिस्पिनसाहेबांनीच समजूत घालून त्यांच्या अंगावर कोट चढवला, आणि स्वतःही घातला.”

“तेव्हा सगळे कुठे बघत होते?”

“त्यांच्याकडे, मॅडम. अख्खं रेस्टॉरंट नाक मुरडून त्यांच्या शर्टाकडे बघत होतं.”

दाराशी पाहुण्यांचे कोट टांगायची क्लोकरूम होती. तिथली इंदाह म्हणाली, “ते जॅकेट? शी, मॅडम! बांगड्याच्या आमिषाचा नुसता भपकारा. फरच्या कोटांशेजारी कसं टांगणार? मी लगेच त्यांच्या केबिनमध्ये पाठवून दिलं.”

“आणि काल परत आलेले कोट?”

इंदाहनं दांडीवरचे दोन काढून दाखवले. एक लांब आणि अरुंद, हॅलेटच्या अंगावरून डॉक्टरीणबाईंनी उतरवलेला. दुसरा आखूड आणि रुंद. विनिफ्रेडनं दुसऱ्याचा आतला खिसा तपासला. त्यातून चष्म्याचं पत्र्याचं घर निघालं. नेहमीपेक्षा लांब, आत रिकामं.

तिनं ते रुमालात गुंडाळलं. आल्बन म्हणाला, “कुणाचा तरी चष्मा हरवलेला दिसतोय.”

*

लॅव्हिनिया केबिनमध्ये पडदे ओढून, अंधार करून बसली होती.

“मला माहितीय लोक काय म्हणतायत. दुसरी बायको, वीस वर्षांनी लहान. त्यांच्या कोटावर वाइन मीच सांडली ना! पण क्रिस्पिन अचानक उठला, त्याचा कोपर लागला. तो माफीसुद्धा मागत होता.”

“पेन ते कुठे ठेवायचे?”

उत्तर तिच्याशेजारी बसलेल्या टॅम्सिननं दिलं. “चष्म्याच्या घरात. आई गेल्यापासून बाबा धास्तावलेले असत. चष्मा आणि पेन एकाच घरात, म्हणजे चष्मा घेतला की पेनही आलंच. काल त्यांनी तोच चष्मा लावून मेन्यू मोठ्यानं वाचला. सगळ्या पदार्थांची टर उडवली.”

“अलीकडे त्यांना आणखी कसली काळजी होती?”

टॅम्सिननं दार लावून घेतलं. “वसंतात आमच्या होड्यांच्या गोदीतून विकलेली एक होडी बुडाली. एक आई आणि तिच्या दोन मुली. तळाचं लाकूड कुजलेलं होतं. कुणीतरी लांबी भरून वर रंग फासला होता. ते कुणी केलं हे बाबांना कळलं होतं. म्हणाले, घरी परतलो की थेट पोलिसांकडे जाणार. नाव मात्र सांगेनात. म्हणाले, तुला त्रास होईल.”

क्रिस्पिन वरच्या डेकवर रेलिंगला टेकून उभा होता. अंगावर कडक पांढरा शर्ट, डोळे लाल.

“मी स्वतःला माफ करू शकत नाही,” तो म्हणाला. “जॅकेट क्लोकरूमच्या कोपऱ्यातल्या खुंटीला होतं. अंधारात खिसा सापडेना. तेवढ्यात गेले ते.”

“तुमचा स्वतःचा काळा कोट नाही का?”

“आणलाच नाही. मला त्या थाटामाटाचा तिटकारा आहे.”

खाली उतरताना आल्बन फोटोंच्या भिंतीपाशी थांबला. बोटीवरचा फोटोग्राफर पाहुण्यांचे फोटो तिथे लावायचा. “बघ, माझे डोळे मिटलेले! आणि हॅलेट मंडळी कशी झकास आलीत. पहिल्या रात्रीचा आहे. जावई बघ, मखमली काळ्या कोटात कसा नवरदेवासारखा.”

“आल्बन,” विनिफ्रेड म्हणाली, “कप्तानाला सांग, सगळ्यांना बोलव म्हणावं. रोडेललाही.”

*

कप्तानाच्या खोलीत खिडकीबाहेर नॉर्वेचे हिरवे डोंगर सरकत होते. कप्तानानं विनिफ्रेडकडे बघत सुस्कारा टाकला. “मॅडम, थोडक्यात आटपा. संध्याकाळी ‘सेक्स्टंट’ पुन्हा उघडायचंय.”

“मग तुम्हाला नवा पाहुणा लागेल. एक कमी होणार आहे,” ती म्हणाली. “रोडेलनं चुकीचा सॉस वाढला नाही. भांड्यातला सॉस ठीक आहे. शेवंड फक्त हॅलेटच्या ताटात आहे, म्हणजे ते टेबलावर मिसळलं. आणि मुख्य जेवण वाढल्यावर टेबलावर शेवंडाचा एकच वाडगा होता.”

सगळ्यांच्या माना क्रिस्पिनकडे वळल्या.

“मी सावकाश जेवतो. हा काय गुन्हा झाला?” तो हसला.

“नाही. म्हाताऱ्यानं रोजच्यासारखा कोट काढला, व्यवस्थापक आला, म्हातारा पाठ करून भांडायला उठला. सगळे त्याच्या शर्टाकडे बघत होते, त्याच्या ताटाकडे एकही नाही. दोन चमचे सूप सॉसमध्ये ढवळायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यानं भागत नव्हतं. त्याच्या खिशात पेन होतं.”

“पेन जुन्या जॅकेटमध्ये होतं!”

“ते चष्म्याच्या घरात होतं, आणि त्या चष्म्यानं त्यानं मेन्यू वाचला. म्हणजे घर त्याच्याजवळ होतं, भाड्याच्या कोटाच्या खिशात. म्हणून त्याच्या अंगावरचा कोट बदलायला हवा होता. त्यासाठी दोन सारखे काळे कोट लागतात. सासऱ्याचा कोट बिघडावा म्हणून तुम्ही बायकोच्या सावत्र आईला कोपरानं ढकललंत. तुमचा मखमली कोट कपाटात ठेवून स्वेटरमध्ये आलात, आणि समजूत घालताना स्वतःचा भाड्याचा कोट त्याच्या अंगावर चढवलात. मखमली कोटाचा फोटो खाली भिंतीवर आहे.”

“विनी,” आल्बन हळूच म्हणाला, “म्हणजे त्या बाह्या…”

“सांग ना.”

“हॅलेट खाली पडला तेव्हा त्याच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. आणि हा धावला तेव्हा याची मनगटं उघडी होती. मला वाटलं, भाड्याचे कोट असेच असतात.”

“सगळ्यांनाच तसं वाटलं. मरता मरता तो ओरडून सांगत होता, ‘हा कोट माझा नाही.’ आणि आपण समजलो, म्हातारा अजून कोटावरून कुरकुरतोय.” तिनं रुमाल उघडून पत्र्याचं घर टेबलावर ठेवलं. “हे त्या आखूड कोटात होतं, तुम्ही उतरवून दिलेल्या. पेन काढलंत, घर राहिलं. पेन पूर्णवेळ तुमच्या छातीशी होतं, डेकर. तो तडफडत असताना तुम्ही क्लोकरूममध्ये नुसते उभे होतात.”

“मी खुंटीवरच्या जॅकेटमधून काढलं!”

“ते जॅकेट तिथे नव्हतंच. त्याला घाण वास येत होता म्हणून इंदाहनं ते कधीच केबिनमध्ये पाठवलं होतं.”

क्रिस्पिननं आपल्या कफची बटणं उगीच सारखी केली. मग त्याचा चेहरा बदलला, मुखवटा गळावा तसा.

“तुम्हाला काय माहीत तो कसला माणूस होता ते,” तो म्हणाला. “आमिषाच्या वासाचे हात घेऊन टेबलावर बसायचा. चारचौघांत खाली मान घालायला लावायचा. आणि मला तुरुंगात पाठवणार होता! मी विकलेल्या एका जुन्या होडीसाठी!”

टॅम्सिन उठली. तिचा आवाज अगदी शांत होता. “होडीत दोन मुली होत्या, क्रिस्पिन.”

“लाइफ जॅकेटं घालायला नकोत? त्यांनी घातलीच नव्हती. त्यात माझा काय दोष?”

लॅव्हिनियानं तोंडावर हात दाबला. कप्तानसुद्धा एक पाऊल मागे सरला, जणू कार्पेटवर काही सांडलं होतं. टॅम्सिननं बोटातली अंगठी ओढून काढली, सुजलेल्या बोटावरून कातडं सोलवटत, आणि केराच्या टोपलीत टाकली.

*

बर्गनच्या धक्क्यावर पोलीस क्रिस्पिनला घेऊन गेले. रेलिंगला प्रवाशांची भिंत उभी होती, प्रत्येकाच्या हातात फोन. रोडेल लुशियनच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडत होता.

एक जोडपं लुशियनपाशी आलं. “ऐका ना, ते गोल टेबल आज मोकळं असेल ना? आमची चौघांची सोय होईल?”

लुशियननं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि रोडेलला आत नेलं.

विनिफ्रेड केबिनमध्ये गेली आणि बॅग भरायला लागली.

“अगं, अजून चार दिवस राहिलेत,” आल्बन म्हणाला. “पैसे भरलेत आपण.”

“लॅव्हिनिया आणि टॅम्सिनला हॅलेटचं प्रेत घेऊन परक्या गावातून घरी जायचंय. नॉर्वेजियन एकीलाही येत नाही, आणि सरकारी कागद तर दुःखात वाचताच येत नाहीत. या लोकांबरोबर मला आता एक घाससुद्धा गिळवणार नाही.”

आल्बननं गळ्यातला टाय सोडला, कपाटातलं आपलं सामान काढलं आणि खाली जाऊन टॅम्सिनच्या हातातली जड बॅग न बोलता घेतली.

चौघं शिडीवरून धक्क्यावर उतरली. वारा गार होता, आणि त्याला खाऱ्या पाण्याचा, स्वच्छ वास होता.