वळणावर उघडलेलं दार

वळणावर जुन्या मोटारीचं दार आपोआप उघडलं आणि मालकीणबाई रस्त्यावर फेकल्या गेल्या. हात मोडला, जीव वाचला.

"मेहुण्याचं काम," मालक गुप्तहेराला म्हणाले. "गाडीचा लाकडी सांगाडा त्यानेच नव्याने बांधलाय. सडकं लाकूड घातलं. चारचौघांत सुनावलं मी त्याला."

गुप्तहेराने ते नुसतं टिपून घेतलं. त्याच्या मित्राला, स्थूल देहाच्या निवृत्त मास्तरांना, मात्र लगेच पटलं.

"सख्ख्या बहिणीच्या जिवाशी खेळलात?" त्यांनी मेहुण्याला फैलावर घेतलं.

मेहुण्याची मान खाली गेली. "कुठे चुकलं तेच कळत नाही. झाकला जाणारा तुकडासुद्धा मी वॉर्निशशिवाय बसवत नाही."

मालकीणबाई म्हणाल्या, "गाडी घरी आल्यावर यांनी आधी एकट्यानेच कुठेशी नेऊन आणली. मग आम्ही दोघं निघालो."

गॅरेजात मास्तर चालकाच्या जागी ऐसपैस बसले. शिडशिडीत गुप्तहेर बसला, तर त्याचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. भिंतीवरच्या फोटोत मालकांचे वडील याच गाडीत चालकाच्या जागी होते, अंगाने काडीसारखे.

गुप्तहेराने सीट उचलली. खालची आडवी पट्टी कापलेली होती. कापलेली टोकं कोरी, पांढरी.

"सापडला चोर," मास्तर म्हणाले.

"हो. पण मेहुणा नव्हे."

त्याने घरच्यांना बोलावलं. "पत्रा म्हणजे नुसती कातडी. खाली लोखंडी चौकट, वर लाकडाची हाडं. ही पट्टी दोन्ही दारांचे खांब धरून ठेवते. ती तुटली की गचक्याला खांब फाकतात आणि कडी निसटते. मेहुण्याने कापली असती, तर टोकांना वॉर्निश असतं. सीट मागे सरकवण्यासाठीच ती कापलीय. मागे सरकलेल्या सीटची गरज या घरात एकालाच आहे."

सगळ्यांची नजर मालकांच्या पोटाकडे गेली.

"बाबांच्या गाडीत मावत नव्हतो," ते पुटपुटले. "हसतील सगळे म्हणून परक्या सुताराकडे नेली. एक पट्टी कापल्याने दार उघडेल, हे खरंच ठाऊक नव्हतं."

"हसले असते," बायको म्हणाली. "माझ्या भावाला तोंड लपवावं लागलं, त्याचं काय?"

मास्तरांचे कान तापले. मेहुण्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"माफ करा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "शब्द मागे घेतो."

मेहुण्याने मान डोलावली आणि खिशातून टेप काढली.

"बसा दाजी," तो म्हणाला. "या वेळी माप तुमचं घेतो."

मालक बसले. डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडेना.