जा म्हणायचं राहिलं

“पूस म्हणते ना, शेवंते! चारही गाणी पूस!”

“नाही पुसत. शाळेची पाटी आहे काय, थुंकी लावून पुसायला?”

“माझा आवाज आहे तो.”

“आणि कान कोणाचा? तीन वर्षं कोणाच्या कानावर नाचलीस गो?”

असं आमचं चाललं होतं, भर दुपारी बाराला. गौरवी माझी गायिका, वय सव्वीस. मी तिची गाणी रेकॉर्ड करते, बांधते, जगात सोडते. शिकलेले लोक याला प्रोड्यूसर म्हणतात, पेडण्यात ‘मशीनवाली शेवंतीबाय’ म्हणतात. दोन्ही चालतं. शाळा चौथीपर्यंत. वायरीला टाका मारायला मला कोणी शिकवलं नाही, आवाजाचा मिक्सर कोणी शिकवला नाही. साठी उलटल्यावर संगणक घेतला, तोही एका हातात चष्मा धरून माझी मीच शिकले. ही फुशारकी नव्हे. बरं, फुशारकीच आहे. पण पुढे जे झालं ते या फुशारकीमुळेच झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

गौरवी मला धारगळला सापडली, एका लग्नात. ऑर्केस्ट्राचा माइक मध्येच गेला तरी पोरगी थांबली नाही, तशीच गात राहिली. मी जेवणाच्या पंगतीतून उष्ट्या हाताने उठले आणि तिच्यापाशी गेले. आवाज अस्सल, खोड एकच. प्रत्येक ओळीआधी बशीतला गरम चहा ओढावा तसा श्वास ओढायची. माइकमध्ये तो फुरकन यायचा आणि मी बसून एकेक श्वास कापून काढायचे. कापता कापता डोळे गेले माझे. शिव्या दिल्या की ती हसायची. “सगळे कापू नको गे माई, एखादो ठेव. नायतर मरन मी.”

नवीन स्टुडिओ घेतला तो शिरगावला, बंद पडलेल्या खाणीवर. सुरुंगाची दारू ठेवायची जुनी कोठी होती. हातभर जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. दार ओढलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं व्हायचं. आत तांबड्या मातीचा आणि ओल्या लोखंडाचा वास. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकल्या, मध्ये काच बसवली, तरी तो वास गेला नाही. पण शांतता अशी की स्वतःच्या पापण्यांचा आवाज ऐकू यावा. मी खूश झाले.

नव्या जागेत काम मांडायचं तर आधी जागेवाल्याला, तिथल्या अदृश्य राखणदाराला, गाऱ्हाणं घालायला हवं, नारळ ठेवून हाक मारायला हवी. आमच्या वाड्यावरचा गुरुदास ते घालतो, त्याच्या आधी त्याचा बाप घालायचा. तो म्हणाला, “शेवंतीबाय, मी येतंय. ता बायलमाणसाचा काम न्हय.”

बस्स! एवढं ऐकल्यावर मी त्याला येऊ देते होय? जन्मभर गाऱ्हाणी ऐकली होती. नारळ ठेवला, गौरवीला पुढ्यात उभी केली, हात जोडले आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, “जागेवाल्या, जो कोण हंय आसशीत, ह्या चेडवाच्या गळ्यात येऊन बस.” नारळ फोडला. चांगला निघाला, गोड. दोघींनी खाल्ला.

त्या खोलीतलं पहिलं गाणं सगळ्या गोव्यात वाजलं. लग्नात, बसमध्ये, पोरांच्या फोनवर. दुसरं त्याहून चढलं. गौरवीच्या आवाजाला खाली कुठेतरी खोली आली होती, विहिरीत भांडं पडल्यावर येते तशी. तिसऱ्या गाण्यात कापायला श्वास थोडेच मिळाले. चौथ्यात...

चौथ्यात एकही नव्हता.

पडद्यावर आवाजाची रेघ उमटते. श्वासाच्या जागी ती केसासारखी थरथरते. मी चष्मा पुसून पाहिलं, मोठं करून पाहिलं. दोन ओळींच्या मध्ये रेघ सरळ. साडेतीन मिनिटं गाणं, आणि पोरीने श्वास घेतलेला नाही. लाज वाटते, पण सांगते. मला तेव्हा आनंद झाला. कापायचं काम वाचलं ना!

मग बाकीचं दिसायला लागलं. ती पाणी मागेना. थट्टा करीना. काचेपलीकडे तासन्‌तास उभी राही, पाय न बदलता. एके दिवशी मला ‘शेवंते’ म्हणाली. मला शेवंते म्हणणारी सगळी माणसं कधीच मसणात गेली आहेत.

तेव्हा गुरुदासकडे गेले. मान खाली घालून जाण्याची मला सवय नाही, तरी गेले. त्याने सगळं ऐकलं.

“बस म्हटलंस?”

“म्हटलं.”

“आणि जा?”

“जा म्हणजे?”

गुरुदासने हातातली पानाची चंची खाली ठेवली. “शेवटाक म्हणूचा असता, बाय. काम झाला की आपल्या ठिकाणाक जा. बोलवल्यार धाडूक नको?”

गाऱ्हाण्याचा शेवट पुरुष तोंडातल्या तोंडात म्हणतात. आम्ही बायका मागे, अंगणाच्या कडेला. तिथपर्यंत तो शेवट कधी पोचलाच नव्हता. मला वाटायचं, गाऱ्हाणं तेवढंच.

म्हणून त्या दुपारी गौरवीला बोलावलं होतं. जा म्हणायला. गुरुदासकडून चार शब्द घोकून आणले होते, नारळ पिशवीत होता. तर ही दार ओढून आत आली आणि आल्या आल्या गाणी पूस म्हणून बसली.

“जा म्हणणार आहेस ना?” ती म्हणाली. “म्हण. पण आधी पूस.”

“गाण्यांनी काय घोडं मारलंय?”

“गाणी राहिली तर तिला जागा राहील.”

“तिला? कोणाला?”

ती पडद्याकडे वळली. “मला,” म्हणाली. “मला म्हटलं मी.”

“लोक ऐकतायत ती गाणी. आपली आहेत ती, दोघींची.”

“मी नको झालेय तुला. तुला गाणी हवीत.”

हे मात्र लागलं. खरंही होतं थोडं. श्वास नाही म्हणून आनंदणारी बाई मी! मनात म्हटलं, चेडू घाबरलंय, जे काही आहे ते त्या गाण्यांतून आलंय असं तिला वाटतंय. गाणी काय, पुन्हा होतील. पोरगी कुठून आणू? तिच्या आईला, सुविधाला, मी शब्द दिला होता, तुझ्या लेकीला सांभाळीन म्हणून.

खुर्ची ओढली. चारही गाणी उघडली, एकेकाला निवडलं. पडद्यावर चारही निळी झाली. लोकांच्या फोनवर वाजतं ते वेगळं, या मूळ रेकॉर्डिंगची कुठेही दुसरी प्रत नाही. पहिल्यापासून मी ते कोणाच्या हाती दिलंच नाही, कोणावर विश्वास नाही म्हणून. बोट पुसायच्या बटणावर ठेवलं.

“पूस,” ती म्हणाली. हळू. अगदी कानाशी.

बोट दाबेना. म्हातारं बोट, जड झालं होतं. समोरच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो. मी बसलेली, आणि गौरवी माझ्या खांद्यामागे वाकलेली, ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघणारी. एकही गाणं चालू नव्हतं. तरी डाव्या स्पीकरमध्ये काहीतरी खरखरलं, भिंतीपलीकडून कोणी नखांनी चाचपावं तसं. काचेतल्या गौरवीने झटकन मान तिकडे वळवली. तिचे ओठ मिटलेलेच होते.

आमचं भांडण तिथे संपलं. स्पीकरमधून, बसलेल्या, दमलेल्या गळ्याने, गौरवी म्हणाली,

“पुसू नको गे माई... मी हंय आत आसंय.”